गादीच्या धुळीचा रिपोर्ट: आकडा तोच का राहिला?

तुमचा प्रश्न असा की, मुलाच्या गादीतल्या धुळीत 'डेर पी १' ग्रॅममागे 6 मायक्रोग्रॅम आलं, महिनाभर व्हॅक्यूम करून पुन्हा तपासलं तरी 6च. लॅब चुकली का? बहुधा नाही. आधी भागाकार बघा.

डेर पी १ हे डस्ट माइटच्या, म्हणजे धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्याच्या, पचनातलं विकर (एन्झाइम), म्हणजे एक प्रथिन. विष्ठेच्या कणांतून ते गादीत साठतं. मोजायची नेहमीची रीत एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून रंगावरून प्रथिन मोजणारी चाचणी. धूळ चाळून केस-धागे काढतात, साधारण 100 मिलिग्रॅम धूळ 2 मिलिलिटर बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) हलवत ठेवतात, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घेतात. प्लेटच्या तळाला बसवलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी त्यातलं नेमकं हेच प्रथिन धरते, दुसरी अँटिबॉडी त्यावर बसते आणि तिला जोडलेल्या विकरामुळे रंग येतो. ज्ञात प्रमाणांच्या वक्राशी तो रंग ताडून आकडा काढतात. वक्राच्या सपाट टोकावरून, म्हणजे प्रमाण वाढलं तरी रंग फारसा वाढत नाही तिथून, काढलेला आकडा मी तरी मानत नाही. नमुना आणखी विरळ करून पुन्हा मोजायला हवा.

आता भागाकार. व्हॅक्यूमने धूळ जाते, तिच्याबरोबर प्रथिनही जातं. त्यामुळे ग्रॅममागचं प्रमाण फारसं हलत नाही. फरक दिसतो तो चौरस मीटरमागे. समजा दोन्ही वेळा 1 चौरस मीटर जागा 2 मिनिटं ओढली, आधी 800 मिलिग्रॅम धूळ निघाली आणि नंतर 200. मग 4.8 मायक्रोग्रॅमवरून तुम्ही 1.2 वर आलात, आणि रिपोर्ट मात्र दोन्ही वेळा 6च म्हणणार! निघालेल्या एकूण धुळीचं वजन लॅबकडून मागून घ्या. जागा आणि वेळ दोन्ही खेपेला सारखी नसेल, तर तुलनाच सोडा.

ग्रॅममागे 2 आणि 10 मायक्रोग्रॅम या रेषा 1987 च्या, जर्मनीतल्या बाड क्रॉइत्सनाख गावी झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतल्या: 2 च्या वर ॲलर्जी जडण्याचा धोका, 10 च्या वर दम्याच्या तीव्र झटक्याचा. त्या अनेक लोकांच्या पाहणीवर बेतलेल्या आहेत, एका मुलाचं निदान त्यांवरून होत नाही. ते काम डॉक्टरांचं.

तुम्ही मुंबईत राहता, म्हणून आणखी एक विचारा: 'ब्लो टी ५' मोजलं का? उष्ण, दमट हवेत ब्लोमिया नावाचा माइटही असतो, ब्लो टी ५ हे त्याचं प्रथिन, आणि डेर पी १ च्या किटला ते दिसत नाही.

माइट मारायचं औषध फवारून लगेच तिसरा नमुना मात्र पाठवू नका. माइट मेले तरी विष्ठेतलं प्रथिन गादीत टिकून राहतं. आधी गादीला माइटरोधक कव्हर घाला, मग नमुना कव्हरच्या वरून घ्या.