शाश्वत, सतत की टिकाऊ?

ऐरोलीच्या एका शिक्षिकांचा प्रश्न आहे. शाळेच्या जिन्याच्या पायऱ्यांवर संयुक्त राष्ट्रांची १७ ध्येयं रंगवून घ्यायची आहेत. एकेका पायरीला एकेक ध्येय, वर मथळा. मथळ्यात 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट'साठी 'शाश्वत विकास' लिहायचं ठरलंय, पण शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं. असा कुठला विकास असतो? हिंदीत 'सतत विकास लक्ष्य' म्हणतात, ते जास्त बरोबर नाही का? शिवाय पहिल्या पायरीवर गरिबी लिहायची की दारिद्र्य? दहाव्या पायरीवर असमानता की विषमता? आणि ध्येय, उद्दिष्ट, लक्ष्य यांत फरक काय?

आधी 'सतत' बाजूला काढू. हिंदीत तो शब्द रुळलाय, तिथे चालतो. मराठीत मात्र 'सतत'ला वैतागाचा वास आहे. सततची कटकट, सतत वाजणारा फोन, सततच्या पावसाने वाळत न घातलेले कपडे. 'सतत विकास' वाचून ठाणेकराच्या डोळ्यांपुढे घोडबंदर रोडच उभा राहील: मेट्रोचे खांब, पत्र्याचे अडथळे, कालच बुजवलेला आणि आज पुन्हा खणलेला सेवा रस्ता. विकास सतत चालू आहे हे तर आम्ही रोज बघतोच. मुलांना ते पायरीवर लिहून सांगायला नको.

आता शाश्वत. बाईंची शंका संस्कृतच्या अंगाने बघितली तर रास्तच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणो' हे वर्णन आत्म्याचं आहे. आत्म्याचं विशेषण सांडपाण्याच्या प्रकल्पाला लावायचं म्हणजे जरा जास्तच. इंग्रजी 'सस्टेनेबल'मधला 'सस्टेन' लॅटिनमधून आला; त्याचा मूळ अर्थ खालून धरून ठेवणं, भार पेलणं. ही कल्पना मुळात मर्यादेची आहे. १७१३ साली जर्मनीतल्या सॅक्सनीत हान्स कार्ल फोन कार्लोविट्झ या खाणींच्या अधिकाऱ्याने ती लाकडासाठी मांडली. खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा त्याने लिहिलं की जंगल जेवढं पुन्हा वाढेल तेवढंच तोडा. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने तीच गोष्ट साऱ्या जगाच्या कारभाराला लावली: आजच्या गरजा भागवा, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील एवढं राखून. आपल्याकडे कोणत्याही आजीने हे एका वाक्यात सांगितलं असतं, की मुद्दलाला हात लावू नये, व्याजावर भागवावं. ठाण्याच्या खाडीपासून उरणपर्यंतचे कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात घालत नव्हते, त्यात श्रद्धा होती तशी माशांच्या विणीच्या काळाची जाणही होती. आता सरकारची जून-जुलैची मासेमारीबंदी तेच काम करते.

मग या अर्थाला 'शाश्वत' कसा चालावा? चालतो, कारण मराठीत या शब्दाला एक धाकटी बहीण आहे आणि रोजच्या बोलण्यात तीच जास्त वावरते: शाश्वती. 'यंदा पावसाची काही शाश्वती नाही.' 'कंत्राटी नोकरी, पुढच्या महिन्याच्या पगाराची शाश्वती नाही.' इथे अनंतकाळाचा संबंध येत नाही. उद्यावर भरवसा ठेवता येईल का, एवढाच प्रश्न असतो. मराठी कानाला 'शाश्वत विकास' म्हणजे ज्याची शाश्वती देता येते तो विकास, असं ऐकू येतं. व्युत्पत्तीपेक्षा वापराला मान द्यायचा असेल, आणि द्यावाच, तर मराठीने निवडलेला शब्द हिंदीपेक्षा सरस आहे असं माझं मत आहे.

'टिकाऊ' काही जण सुचवतात. टिकाऊ चप्पल असते, टिकाऊ लाडू असतात; शब्द वस्तूला चिकटलेला आहे आणि त्यातून दुकानदाराचा आवाज येतो. 'धारणक्षम' लॅटिनच्या सगळ्यात जवळचा. पर्यावरणावर लिहिणारे तो वापरतात आणि नेमका वापरतात. पण पाचवीतल्या पोराने जिना चढताना वाचायचा आहे, तर नको. (खरं म्हणजे चर्चा 'विकास'चीच व्हायला हवी. विकसणं हे फुलाचं काम, आपसूक होणारं. आमच्या ठाण्यात ते विकासकाकडे गेलंय. 'बिल्डिंग डेव्हलपमेंटला गेली' म्हणजे पाडायला गेली. पण तो वेगळा विषय.)

पहिली पायरी. गरिबी आणि दारिद्र्य हे एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून आपण वापरतो, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. 'गरीब' अरबीतून आला, फारसीच्या वाटेने. अरबीत त्याचा अर्थ परका, परमुलखातून आलेला. मराठीत आल्यावर त्याला सौम्यपणाही चिकटला: गरीब गाय, 'पोरगं अगदी गरीब आहे हो'. 'दरिद्र' संस्कृतातला. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'दरिद्रा दुर्गतौ' (दुर्दशेत असणे) असं दिलंय, आणि कोशकार तो धावणे या अर्थाच्या 'द्रा'शी जोडतात. म्हणजे इकडून तिकडे वणवण करणारा. एका शब्दात परका, दुसऱ्यात भटका. दोन वेगळ्या भाषाकुळांतले शब्द, आणि पैशांचा उल्लेख दोन्हींच्या मुळाशी नाही. नवी मुंबईतल्या कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी साडेसातला उभं राहिलं की हा जुना अर्थ समोर दिसतो. थापी आणि ओळंबा पिशवीत घालून आलेला गवंडी, रंगाचा ब्रश डब्यात उभा ठेवून बसलेला रंगारी, डोक्यावर चुंबळ तयार ठेवलेल्या बायका. गाव विचारलं तर जालना, बीड, नांदेड. 'काम रोज मिळतं का?' याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: 'शाश्वती नाही साहेब. कधी लागतं, कधी परत जायचं.' हातावर पोट म्हणतात ते हेच.

वापराचा फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणसाला गरीब म्हणता येतं, दरिद्री म्हणता येत नाही. 'दरिद्री' ही शिवी आहे, दळभद्रीच्या शेजारची. उलट अवस्थेला 'दारिद्र्य' म्हटलं की ती एकदम सरकारी आणि मोजता येण्याजोगी होते: दारिद्र्यरेषा, दारिद्र्यनिर्मूलन. १९७१ सालात ही विभागणी छान दिसते. निवडणुकीत इंदिरा गांधींनी घोषणा दिली ती 'गरिबी हटाओ'ची. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही तो रेषेखाली, असा हिशेब त्यांनी मांडला. सभेत गरिबी, अहवालात दारिद्र्य.

ही रेषा हलती असते, हेही मुलांना सांगा. पहिल्या ध्येयाच्या मूळ मसुद्यात अत्यंत गरिबीची खूण दिवसाला १.२५ डॉलर अशी आहे. ते डॉलरही बाजारातल्या विनिमयदराचे नव्हेत, त्या त्या देशातली खरेदीची ताकद धरून काढलेले. जागतिक बँकेने तोच आकडा २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि २०२५ मध्ये ३ डॉलर केला. तेव्हा पायरीवर आकडा नको. शब्द 'गरिबी' घ्या. एक कारण मघाशी सांगितलं, दुसरं व्यवहाराचं: पेंटर हटकून 'दारिद्रय' रंगवतो. द्र ला य जोडायचा, सुटा लिहायचा नाही, हे निम्म्या सरकारी फलकांनाही जमलेलं नाही.

दहाव्या पायरीवर मी अडून बसेन. तिथे 'असमानता' नको, 'विषमता'च हवी. असमान म्हणजे सारखं नसलेलं, एवढंच. दोन बहिणींची उंची असमान असते, त्यात कोणावर अन्याय नाही. 'विषम'मध्ये खटकणारं काहीतरी आहे: विषम जमिनीवर पाय मुरगळतो, विषमज्वर माणसाला अंथरुणाला खिळवतो. ऐरोलीत ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून काचेचे आयटी पार्क आहेत आणि चिंचपाडा-दिघ्याच्या वस्त्याही आहेत. तिथल्या एखाद्या घरातली बाई त्याच काचा पुसायला जात असेल. याला 'उत्पन्नातील असमानता' म्हटलं की ती हवामानासारखी, कोणी न केलेली वाटू लागते. नवी मुंबई वसवताना सिडको या सरकारी महामंडळाने १९७० नंतर ज्यांच्या शेतजमिनी आणि मिठागरं घेतली, त्या गावकऱ्यांनी असल्या मऊ शब्दाने भांडण केलं नव्हतं. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

दहाव्या ध्येयातलं पहिलं लक्ष्यही बोथट नाही. उत्पन्नाच्या उतरंडीत तळाशी असलेल्या ४० टक्के लोकांची कमाई देशाच्या सरासरीपेक्षा जास्त वेगाने वाढली पाहिजे, असं ते सांगतं. नुसती वाढली, हे पुरेसं नाही.

मग 'समानता' वाईट का? मुळीच नाही. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' आहे आणि तिथे तोच शब्द नेमका आहे, कारण कायद्याने वागणूक सारखी द्यायची आहे. पाचव्या पायरीवर म्हणूनच 'लिंगभाव समानता' लिहा. 'समता' त्याहून मोठी, ती समाजाची घडण सांगते, डॉ. आंबेडकरांच्या समाज समता संघाचं 'समता' हे पत्र १९२८ मध्ये निघालं, त्याचं नाव 'समानता' असतं तर कसंसंच वाटलं असतं. समतेच्या विरुद्ध विषमता, समानतेच्या विरुद्ध असमानता. जोड्या मोडू नयेत.

उरलं ध्येय-उद्दिष्ट-लक्ष्य. सरकारी कागदांत 'शाश्वत विकास ध्येये' आणि 'शाश्वत विकास उद्दिष्टे' दोन्ही सापडतात, त्यावर भांडण नको. पण २५ सप्टेंबर २०१५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०३० पर्यंतचा जो आराखडा मंजूर केला त्यात दोन थर आहेत: वर १७, त्यांच्या पोटात १६९. वरच्यांना ध्येय म्हणावं, ज्याचं ध्यान धरायचं ते. पोटातल्यांना लक्ष्य म्हणावं, ज्यावर नेम धरायचा आणि २०३० ला लागला की चुकला हे तपासायचं ते. हिंदीत वरच्या थरालाच लक्ष्य म्हणतात, म्हणून तिथून उतरवून घेताना घोटाळा होतो. अनेकवचन पायरीवर 'ध्येये' लिहा. 'ध्येयं' बोलण्यात आणि माझ्यासारख्यांच्या लिखाणात ठीक. आणि 'लक्ष्य'चा य पेंटरला आठवणीने सांगा, नाहीतर 'लक्ष' होईल, आणि 'शाश्वत विकासाकडे लक्ष' या मथळ्याखाली कोणी काही केलं नाही तरी चालतं.