इंग्रज लोक ‘ब्लायमी!’ म्हणतात, त्याचा अर्थ काय आणि तो शब्द आला कुठून?

‘ब्लायमी’ म्हणजे आपलं ‘बाप रे!’ किंवा ‘अरेच्चा!’, म्हणजे आश्चर्याचा उद्गार. मूळ मात्र शपथेत आहे: ‘गॉड ब्लाइंड मी’, म्हणजे देव मला आंधळं करो. आपल्याकडे ‘खोटं बोलत असेन तर डोळे फुटतील’ म्हणतात ना, अगदी तसंच. भराभर बोलताना ‘ब्लाइंड मी’चं ‘ब्लायमी’ झालं. देवाचं नाव उगाच घेऊ नये म्हणून ‘गॉड’चं ‘गॉर’ किंवा ‘कॉर’ केलं, त्यामुळे ‘कॉर ब्लायमी’ असंही ऐकू येतं. ‘गॉश’ आणि ‘क्रायकी’ हे असेच आडवळणाचे शब्द, पहिला गॉडसाठी, दुसरा क्राइस्टसाठी. १८८९च्या स्लँगच्या एका कोशात ‘ब्लायमी’ची नोंद आहे आणि तिथे त्याला चक्क निरर्थक शिवी ठरवलंय! आज त्यात शिवीचा वास उरलेला नाही. आपण ‘आईशप्पथ, काय मस्त!’ म्हणताना कुठे शपथ घेत असतो? फक्त हा शब्द पक्का ब्रिटिश आणि घरगुती बोलण्यातला आहे. अमेरिकी माणसाच्या तोंडी तो उसना वाटतो, आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये तर लिहूच नका.