कधी डोंगरकडा, कधी पाऊस

प्रश्न : आमच्या घरी एक कृष्णधवल अमूर्त एचिंग (धातूचा पत्रा आम्लाने कोरून कागदावर काढलेला छापा) लावलं आहे. कधी त्यात डोंगरकडा दिसतो, कधी पाऊस, तर कधी नुसतेच डाग. चित्रकाराला नेमकं काय म्हणायचं असेल? आणि काळा भाग असा रवाळ का दिसतो?

उत्तर : रवाळपणापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाची वाट तिथूनच जाते.

तो बहुधा ॲक्वाटिंटचा, म्हणजे एचिंगमध्ये दाणेदार छटा आणण्याच्या पद्धतीचा आहे. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसू देतात आणि आच देऊन ती चिकटवतात. मग पत्रा आम्लात सोडतात. आम्ल राळेचे कण सोडून मधला धातू खातं आणि त्या खळग्यांत शाई धरते. पत्रा जितका जास्त वेळ आम्लात, तितका काळा भाग गडद. पांढऱ्या जागा आधीच वार्निशने झाकलेल्या असतात.

आता चित्राजवळ जा आणि काळं-पांढरं जिथे भेटतं तिथे बघा. हद्द धारदार असेल तर ती वार्निशची. काळं हळूहळू विरत असेल तर बहुधा तिथे गुळगुळीत हत्याराने पत्रा घोटून खळगे बुजवलेत. तुमचा डोंगरकडा धारदार हद्दीपाशी आणि पाऊस विरत्या जागी दिसत असेल, तर तुमची नजर अगदी बरोबर चालली आहे.

चित्रकाराच्या मनातलं मी सांगू शकत नाही, माझं सांगतो. शिकत असताना माझ्या एका पत्र्यावर आम्ल अडवणारा मेणाचा थर कोपऱ्यात सुटला आणि आम्ल आत शिरलं. मी तो कोपरा घासून टाकायला निघालो होतो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आधी छापा तर काढ." ओलसर कागद उचलला, तर माझ्या आखीव रेषांपेक्षा तो ठिपक्यांचा कोपराच जिवंत वाटला. तो मी काढला नव्हता. पण ठेवायचं मी ठरवलं. मला काय म्हणायचं होतं, ते त्या ठेवण्यात होतं. ओळखू येणाऱ्या आकृती काढणाऱ्यांनाही काय ठेवायचं हे ठरवणं सुटत नाही. डच चित्रकार रेम्ब्राँने १६५३ साली तीन क्रुसांचं मुद्राचित्र केलं आणि पुढे त्याच पत्र्यावर इतक्या दाट रेघा ओढल्या, की आधी स्पष्ट असलेली माणसं काळोखात बुडाली.

एक करून बघा. संध्याकाळी खोलीतले दिवे मालवून टॉर्च चित्राच्या बाजूने, जवळजवळ भिंतीला टेकवून धरा. काच आड येत असेल तर फ्रेम उघडून घ्या, पण कागदाला बोट लावू नका. खोल रेषांतली शाई कागदावर किंचित उठून आलेली दिसेल आणि पत्र्याच्या कडेचा दाबही. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला न्या. डोंगरकडा तिथेच राहतो का, ते मला जरूर कळवा.