वाचकांचे प्रश्न: बाकडं वाचेल हो, पण पब?

प्रश्न: मुलाकडे इंग्लंडला तीन महिने राहून आले. त्याच्या गावात एक जुना पब आहे, जन्मात पहिल्यांदा पबमध्ये पाय ठेवला, तोही लेमोनेड प्यायला! आत काउंटरच नाही. लाल फरशी, फायरप्लेस, उंच पाठीची लाकडी बाकडी, आणि पबवाल्या आजी मागच्या खोलीतल्या पिंपाच्या तोटीतून जगमध्ये बिअर भरून आणतात. आता त्या थकल्यात, पब विकायला काढलाय. मुलगा म्हणतो बिल्डिंग लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत, काही होत नाही. खरंच?

उत्तर: काकू, होऊ शकतं. आणि तुम्ही जे बघून आलात ना, ते तिथल्या लोकांनाही आता सहज बघायला मिळत नाही. पार्लर पब म्हणतात त्याला. १८३० च्या बिअरहाऊस कायद्याने कर भरणाऱ्या घरवाल्याला दोन गिनी भरून बिअर विकायचं लायसन्स मिळायला लागलं, मग काय, लोकांनी राहत्या घराची पुढची खोलीच पब करून टाकली, बाकी शेती नाहीतर दुसरा धंदा चालूच. म्हणून काउंटर नाही, घरात कुठे काउंटर असतो? बाकड्यांच्या पाठी उंच, कारण दार उघडलं की येणारा गार वारा अडवायचा.

असे पब टिकले ते कोणी मुद्दाम जपले म्हणून नाही, चालवणाऱ्याने काही बदललंच नाही म्हणून. डेव्हनमध्ये ड्रूस्टेनटन गावात ड्रू आर्म्स नावाचा पब आहे, तो मेबल मज नावाच्या बाईंनी १९१९ ते १९९४ चालवला, पंचाहत्तर वर्षं! पण घोळही तिथेच आहे, सगळं एका माणसावर उभं असतं आणि तो माणूस थकला की पुढे कोण, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

आता लिस्टेडचं. लोकांना वाटतं फक्त दर्शनी भिंत जपायची असते, तसं नाहीये, आतलंही त्यात येतं. भिंतीत बसवलेलं बाकडं, पार्टिशन, बिअर द्यायची खिडकी यातलं काही काढायचं तर कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, वेगळी परवानगी लागते, न घेता काढलं तर तो गुन्हा आहे. पण पब चालूच ठेवा असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. मालक कुलूप लावून बसू शकतो, किंवा घर करायची प्लॅनिंग परमिशन मागू शकतो, ती मिळाली की तुमचं ते बाकडं कायदेशीर सुरक्षित राहून कोणाच्या तरी खाजगी हॉलमध्ये. मला विचाराल तर हा अर्धाच बचाव झाला.

प्रश्न: मागे तुम्ही इंग्लंडच्या पबांवर लिहिलंत. दारूच्या अड्ड्यांचं एवढं कौतुक कशाला? बंद पडले तर बरंच की.

उत्तर: पब बंद झाला म्हणून पिणं कुठे थांबतं साहेब, सुपरमार्केटमधून स्वस्तात आणून लोक घरी पितात. ज्या गावातलं दुकान आणि पोस्ट आधीच गेलंय तिथे संध्याकाळी दिवा लागलेली सगळ्यांची अशी ही एकच खोली उरते. पब इज द हब नावाची संस्था २००१ पासून अशा पबांमध्ये दुकान, लायब्ररी वगैरे सुरू करायला मदत करते. न पिणाऱ्यांनीही जाऊन बसावं असं ठिकाण आहे, वरच्या काकूंना विचारा!

प्रश्न: (काकूंच्या मुलाचाही मेल आलाय.) गावाने मिळून पब घ्यायचं म्हणतायत. जमतं का असं?

उत्तर: जमतं. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा ओल्ड क्राउन २००३ मध्ये गावकऱ्यांच्या को-ऑपने घेतला. पण आधी कागद हलवा. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली पबला 'ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू', म्हणजे गावाच्या उपयोगाची जागा, म्हणून कौन्सिलकडे नोंदवा, पॅरिश कौन्सिल (तिथली ग्रामपंचायतच) अर्ज करू शकते किंवा निदान एकवीस स्थानिकांचा ग्रुप. नोंद पाच वर्षं टिकते. मग मालकाने विकायचं कळवलं की गावाने सहा आठवड्यांत 'आम्हाला घ्यायचाय' म्हणायचं, की विक्री एकूण सहा महिने थांबते. तेवढ्यात पैसे उभे करा. मात्र मालकावर तुम्हालाच विकायची सक्ती नाही, आणि चालू धंदा म्हणून पब विकला तर ही थांबवाथांबवी लागूच होत नाही, हे मिटिंगमध्ये कोणी सांगत नाही.

दुसरं, लिस्टिंगचा मजकूर काढून वाच. जुन्या नोंदी कधीकधी चार ओळींच्या असतात, छप्पर नि खिडक्या, आतलं जवळपास काहीच नाही. सुधारायचा अर्ज हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेकडे कोणीही करू शकतं. कॅमरा, म्हणजे बिअरप्रेमींची संघटना, फोटोचा नाही, जुन्या पब इंटिरियर्सची यादी ठेवते, तिला कायद्याचा जोर नाही पण कौन्सिलपुढे ठेवायला कामाची.

आणि फोटोच्या कॅमेऱ्याचंही काम आहेच. लंडनच्या किलबर्नमधला कार्लटन टॅव्हर्न मालकाने २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडला, लिस्टिंगचा विचार चालू असतानाच, पण त्याआधी बारीक नोंदी झालेल्या होत्या म्हणून तो होता तसा परत बांधायला लावता आला, २०२१ ला उघडला. तेव्हा या शनिवारी जा, आजींची परवानगी घे आणि प्रत्येक बाकडं, फरशी, दाराची कडीसुद्धा टिपून ठेव. कुठली वस्तू कधीची, हे त्यांनाच विचार, आणि बोलतील ते रेकॉर्ड कर.