रद्दीत गेलेल्या चोपड्या

प्रश्न : मुलगी बडोद्यात बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६१ टक्के आहेत. एम.एस्सी. करून तिनं फार्मा कंपनीत लागावं अशी आमची इच्छा. तिला मात्र म्युझियममध्ये जुन्या सिनेमांचं काम करायचंय. अभ्यासातलं लक्ष उडू नये म्हणून तिच्या आजोबांच्या ट्रंकेतल्या सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या मी रद्दीत घातल्या. तेव्हापासून ती बोलत नाही. तिची केमिस्ट्री वाया जाईल, तिला समजवा. – एक वडील, दांडिया बाजार

उत्तर : ६१ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. चोपड्या गेल्याची वाटते, आणि तिला न विचारता गेल्याची त्याहून जास्त. आपला पहिला बोलपट 'आलमआरा', १९३१चा; त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. तो कसा होता हे फोटोंवरून आणि जाहिरातीच्या कागदांवरून जुळवावं लागतं. असेच कागद तुमची मुलगी जपत होती. रद्दीवाला गाठा, आजच. माल कदाचित अजून दुकानातच असेल.

केमिस्ट्री वाया जाईल ही तुमची समजूत साफ चुकीची आहे. १९५०च्या सुमारापर्यंत सिनेमे नायट्रेट फिल्मवर निघत. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. नंतरची ॲसिटेटची फिल्म दमट, उबदार हवेत खराब होऊ लागली की डबा उघडताच व्हिनेगरचा वास नाकात जातो, पट्टी आक्रसते, वाकडी होते. ती वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते, म्हणून असं रीळ लगेच वेगळं काढायचं, खोली थंड आणि कोरडी ठेवायची, आर्द्रतेची नोंद ठेवायची. हे काम केमिस्ट्री कळणाऱ्याचंच. दादासाहेब फाळके तुमच्याच बडोद्यात, कलाभवनात शिकले; पुढे पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफी केली आणि मग सिनेमाकडे वळले.

वाट दूरची नाही. बडोद्याच्याच एम.एस. युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजीचा, म्हणजे म्युझियमचं काम शिकवणारा, विभाग १९५२पासून आहे. प्रवेशाचे नियम तिनं स्वतः विभागात जाऊन विचारावेत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईत गुलशन महालातलं सिनेमाचं म्युझियम, दोन्ही तिनं सुट्टीत पाहून यावं.

नोकऱ्या मोजक्या आहेत, बऱ्याच करारावरच्या. सुरुवातीचा पगार फार्मापेक्षा कमी असेल, हे तिलाही स्पष्ट सांगा. हवं तर एम.एस्सी.चा फॉर्मही भरू द्या. पण आधी तिची माफी मागा, आडपडदा न ठेवता.

तिला समजवायचं काम मी करणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.