सूर-संवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी पुण्यातल्या एका बँडची गायिका आहे. गेल्या महिन्यात माझं स्वतःचं पहिलं गाणं आलं. पहिले तीन दिवस गर्दी झाली, मग शुकशुकाट. प्रतिक्रिया एकच : 'आवाज मस्त, पण बँड कुठाय?' बँडमधल्या मित्रांनी तर गाणं शेअरही केलं नाही. लिंक पाठवतेय. मी घाई केली का?
– एक गायिका, कोथरूड

उत्तर : हेडफोन लावून ऐकलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं. घाई झालेली नाही. नुसता तंबोरा आणि तुझा आवाज, असा तो सुरुवातीचा आलाप मला फार आवडला. बँडमध्ये गिटारच्या भिंतीमागे तुझा खर्ज कधी ऐकूच आला नव्हता.

पहिल्या तीन दिवसांत आले ते बँडचे श्रोते. त्यांच्या येण्याजाण्यावरून गाण्याची पारख करू नकोस. ब्रिटिश गायक रॉबी विल्यम्स १९९५ मध्ये 'टेक दॅट' या बँडमधून बाहेर पडला. १९९६ मधलं त्याचं पहिलं गाणं ब्रिटनमध्ये थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलं, पण ते मुळात जॉर्ज मायकलचं. पुढची गाणी घसरत घसरत चौदाव्या क्रमांकापर्यंत आली. मग १९९७ च्या अखेरीस 'एंजल्स' आलं. तेही चौथ्याच्या वर चढलं नाही, तरी आज रॉबी म्हटलं की लोकांना तेच आठवतं. पहिल्या गाण्याला मिळालेला तो दुसरा क्रमांक कोण लक्षात ठेवतंय?

आता खटकलेलं सांगते. दुसऱ्या अंतऱ्यात एकदम ड्रम्स येतात. ते गाण्याला नको होते. बँडचे लोक नाराज होऊ नयेत म्हणून घातल्यासारखे वाटले, आणि गंमत बघ, 'बँड कुठाय' हा प्रश्न नेमका तिथेच मनात येतो. तोवर कुणालाच बँडची आठवण होत नाही. शिवाय तिथे रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, इतका आहे की शब्द बुडतात. मराठी गाण्यात शब्द कळले नाहीत तर श्रोता हातचा जातो. हॅरी स्टाइल्सचं २०१७ मधलं पहिलं एकल गाणं पियानोवर उभं असलेलं, संथ, पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं. त्याच्या आधीच्या 'वन डायरेक्शन' बँडच्या चाहत्यांची मनधरणी त्यात नव्हती. ब्रिटनमध्ये एड शीरनचं गाणं तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, ते यानंच खाली आणलं. इतका ठामपणा तुझ्या पहिल्या दीड मिनिटात आहे. तो शेवटपर्यंत टिकायला हवा होता.

कुणी म्हणेल, आलाप काप, कारण स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय स्ट्रीम धरला जात नाही. कापू नकोस. सवाईला तासन्‌तास आलाप ऐकणारं हे शहर आहे.

मित्रांच्या अबोल्याबद्दल मात्र मला काळजी वाटते. चाल तुझी एकटीची आहे की बँडच्या तालमीत कुणी दोन ओळी सुचवल्या होत्या? सुचवल्या असतील तर आजच श्रेयनामावलीत त्यांचं नाव घाल आणि आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, गाण्याची नोंद करताना हिस्साही लिहून दे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानं राखलेला आहे, त्यामुळे हे तोंडी ठेवू नये. चाल पूर्ण तुझी असेल तर निदान गिटारवाल्याला स्वतः फोन कर. मेसेज नको. 'गाणं कसं वाटलं?' एवढंच विचार आणि तो बोलेल ते मधे न तोडता ऐकून घे.

आणि ड्रम्स काढून नुसत्या तंबोऱ्यावरचं एक रूप ध्वनिमुद्रित कर. मला ते नक्की ऐकायचं आहे.