घरून जीआरई: आरसा, पाटी आणि ‘हमी’वाला

अमेरिकेतल्या एमएससाठी अनेक विद्यापीठं मागतात ती जीआरई ही प्रवेशपरीक्षा घरून देता येते, म्हणून ती घरगुती परीक्षा आहे, असा समज दरवर्षी नव्याने माझ्या टपालात येतो.

कच्च्या कामाला वही चालेल का?
नाही. छोटा व्हाइटबोर्ड, किंवा पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद, आणि पुसलं जाणारं मार्कर. शेवटी कॅमेऱ्यासमोर पुसून दाखवावं लागतं.

मध्ये चहाला उठता येईल?
नाही. १ तास ५८ मिनिटं, मधली सुटी नाही.

आधारवर नुसतं माझं नाव आहे, पासपोर्टवर वडिलांचंही जोडलंय. नोंदणी कशी करू?
पासपोर्टवर आहे तशी, अक्षरन् अक्षर. चुकली असेल तर ईटीएसला, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, आजच लिहा. परीक्षेच्या सकाळी कोणी ऐकून घेत नाही.

वन बीएचके आहे. आजी कधीही खोलीत येते.
दार बंद आणि खोलीत तुम्ही एकटे, हे हवंच. सुरुवातीला प्रॉक्टर, म्हणजे ऑनलाइन पर्यवेक्षक, कॅमेऱ्यातून सगळी खोली बघतो, टेबलाखालीसुद्धा; लॅपटॉपचा पडदा हातातल्या आरशात दाखवावा लागतो. आजीला आदल्या रात्री समजावा, दारावरच्या चिठ्ठीने आज्या थांबत नाहीत. गणित पुटपुटत सोडवायची सवयही मोडा.

एक जण ३२५ गुणांची हमी देतोय. लॅपटॉपवर अ‍ॅप टाकायचं, बाकी तो बघणार. सगळे करतात म्हणे.
हे ‘सगळे’ मला अजून भेटलेले नाहीत. पैसे गेलेले मात्र भेटतात. त्या अ‍ॅपने तुमचा लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात जातो: पडदा, कीबोर्ड, पासपोर्टचा फोटो, वडिलांच्या बँकेचा पासवर्डसुद्धा. परीक्षेचं रेकॉर्डिंग होतं आणि तपासणी नंतरही चालते. शंका आली की निकाल अडकतो, रद्दही होतो, विद्यापीठाला पाठवून झाल्यावरसुद्धा. ‘प्रॉक्टर आपलाच माणूस आहे’ हे वाक्य ऐकलंत की फोन ठेवा. ज्यांच्या मनात काही वाकडं नाही त्यांनीही तपासा: दुरुस्तीवाल्याने टाकलेलं एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून लॅपटॉप चालवायचं अ‍ॅप, आहे का? काढून टाका. कंपनीचा लॅपटॉप असेल तर परीक्षेचा ब्राउझर त्यावर बसतो का, ते आयटीवाल्यांना विचारा. आधीच हमीवाल्याला पैसे दिले असतील तर घरी सांगा आणि सायबर पोलिसांकडे जा.

अर्जाची मुदत १५ डिसेंबर. परीक्षा नोव्हेंबरअखेर दिली तर?
अधिकृत निकाल ८ ते १० दिवसांत, पुन्हा द्यायची तर २१ दिवस थांबायचं. बोटं मोजा. नोव्हेंबरपर्यंत थांबलात कशाला? मुदतीनंतर आलेला निकाल धरतात का, हे विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयालाच विचारा, सिनिअरला नको.

वीज गेली तर?
पुन्हा जोडणी करून बघा. परीक्षा पुरी झालीच नाही, तर त्याच दिवशी ईटीएसला लेखी कळवा. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. राउटर त्यावर आहे का, हे आज रात्री मेन स्विच बंद करून बघा.